गँगचाळीतली सुंदराबाई

सुंदराबाई लग्न होऊन आली तेव्हा तळोज्याच्या पुढं, रुळांलगत, रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमन लोकांची एक बैठी चाळ तेवढी होती. दहा-बारा घरं, एक हातपंप आणि चहूकडं कमरेएवढं गवत. नांदेडकडच्या भरल्या घरातून आलेल्या त्या पोरीला पहिल्याच संध्याकाळी रडू फुटलं. नवरा बाजीराव बिचारा दारात नुसता उभा. तेवढ्यात शेजारची राहीबाई पिठाच्या हातानंच आली.

"रडून घे पोरी. मीबी रडली हुती. मग चुलीपाशी ये, दोघी मिळून भाकऱ्या थापू."

राहीबाई साताऱ्याकडची, हिच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. तिथून त्या दोघींचं जुळलं ते जुळलंच.

पुढं बाजीराव आणि त्याच्या सोबत्यांनी सुटीच्या दिवशी विटा वाहून छोटंसं बुद्धविहार बांधलं. राहीबाईचा नवरा सिताराम माळकरी, पण चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत हलगी वाजवायला तोच पुढं. हनुमान जयंतीच्या जेवणाची कढई मात्र बाजीरावच्या ताब्यात. कुणाच्या घरी बाळंतपण असो की मयत, अख्खी चाळ त्या दारात बसायची.

सुंदराबाईची लेक क्रांती जेमतेम चालायला लागली होती, तेव्हाची गोष्ट. सकाळी बाजीराव कामावर असताना गावातली एक म्हैस रुळांवर चढली. तो तिला हाकलायला धावला. म्हैस पलीकडं उतरली, पण वळणावरून मालगाडी आली आणि बाजीरावला उतरायला वेळच मिळाला नाही.

त्याच्या जागी सुंदराबाईला नोकरी लागली. पहिल्या दिवशी त्या वळणाजवळ तिचे पाय थिजले. मागून राहीबाई आली, क्रांती तिच्या कडेवर.

"आक्का, माझ्यानं नाही व्हायचं."

"मी हाय न्हवं? माझ्या पायाकडं बघ आन् चाल."

राहीबाई पुढं आणि ही मागं, अशा त्या दोघी वळण पार करून गेल्या. कित्येक दिवस तसंच चाललं. सुंदराबाई मग निवृत्त होईपर्यंत ऊन-पावसात खडी ओढत राहिली आणि क्रांती राहीबाईच्या मांडीवर वाढली.

दरम्यान कामाला यंत्रं आली, माणसं कमी झाली. ज्यांच्या बदल्या झाल्या ते गेले. खारघरचे टॉवर चाळीतून दिसायला लागले. सिताराम आजारात गेला. शेवटी चाळ धोकादायक ठरली आणि उरलेल्यांना घरं रिकामी करावी लागली. राहीबाईला न्यायला पाटणहून तिचा मुलगा कृष्णात टेम्पो घेऊन आला. दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या. टेम्पो सुरू झाला तेव्हा राहीबाई एवढंच म्हणाली, "ये गं."

सुंदराबाई खारघरला लेकी-जावयाकडं नवव्या मजल्यावर आली. जायचं मनात होतंच. पण कधी गुडघ्याचं ऑपरेशन, कधी नातीची परीक्षा. फोनवर बोलणं व्हायचं, मग राहीबाईचा फोन लागेनासा झाला. 'डोंगरात रेंज नसंल,' असं हिनं मनाला समजावलं.

एकदा वाशीच्या मार्केटात चाळीतला भगवान भेटला. आता तो तिथं माथाडीचं काम करायचा. ख्यालीखुशाली झाली आणि तो म्हणाला, "राहीकाकूंचं वाईट झालं हो."

"काय झालं आक्काला?"

भगवान चपापला. "तुमाला कळलं नाही? गेल्या त्या. दिवाळीच्या आधीच."

सुंदराबाई कांद्याच्या गोणीवर मटकन बसली. हमाल गोण्या घेऊन ये-जा करत होते, भगवान पाणी पुढं करत होता.

त्याच आठवड्यात क्रांती तिला पाटणला घेऊन गेली. कृष्णात तिच्या पाया पडला आणि तिथंच रडायला लागला.

"मावशी, आईचा फोन हरवला. तुमचा नंबर पाठ होता तो तिलाच, आन् नंतर तिलाबी आठवंना. कुणी दारात आलं की विचारायची, सुंदरा आली का?"

"चाळीत असतो तर नुसती हाक पुरली असती रे," सुंदराबाई म्हणाली.

परतताना गाडी घाट उतरली. मग सुंदराबाई म्हणाली, "क्रांती, त्या भगवानला फोन लाव. बाकीचे कुठं कुठं हायेत, विचार. आता थांबायचं नाही. सगळ्यांना भेटून यायचं."

क्रांतीनं फोन लावला, बराच वेळ ऐकत राहिली. आईकडं वळून बघायचं तिच्यानं होईना. चौघांचा पत्ता लागला होता. त्यातले दोघं आधीच गेले होते.