नवऱ्यांचे नंबर

उमरग्यातल्या आमच्या दवाखान्यात सगळ्या कामांसाठी एकच लॉगिन बसवायला कॉम्प्युटरवाला आला आणि आल्याआल्या जुने पासवर्ड बंद करून बसला. बाहेर पेशंट रिपोर्टसाठी खोळंबले. "होतंय, मॅडम," एवढंच तो मान न वळवता म्हणायचा. माझं डोकं फिरलं.

नर्सना ओटीपी येईना. कामावर लागताना सगळ्यांनी नवऱ्याचा नंबर दिलेला, आणि नवरे रानात.

"मॅडम, नोकरीला तुमच्या नर्सबाई हायत का त्यांचे नवरे?"

मी प्रत्येकीला स्वतःचा नंबर द्यायला लावला. एक हळूच म्हणाली, "फोन हाय, सर. पर घरी ठाव न्हाय."

त्यानं कीबोर्ड तिच्याकडं सरकवला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

"टाका, ताई. म्या बघत न्हाय."