सगळ्यांत मोठ्याने म्हटलेलं ‘व्हय म्हाराजा’

ग्रामदेवाच्या देवळात मी एका बाईविरुद्ध ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. चूक माझी. गर्दीत तोंडातून गेलं, असं मी बायकोला बरेच दिवस सांगत होतो. पण त्या गर्दीत माझाच आवाज सगळ्यांत वर होता. काव्यवाचनाने कमावलेला आवाज.

कारण मी कवी. निदान धामापूरपासून कट्टा गावापर्यंत. माझ्या एकुलत्या एका संग्रहात ‘वादळ’ हा शब्द एकोणीस वेळा आला आहे. त्याच्या प्रकाशनाला अध्यक्ष होते आमच्या वाडीच्या वर चिरेखाण चालवणारे गृहस्थ. त्यांनी पुस्तक उलटं धरून फोटो काढला आणि मला शाल दिली. मी वाकून घेतली.

त्या खाणीने जांभ्या दगडाचे चिरे कापता कापता वाडीचा झरा आटवला. त्यावर मी एक ओळ लिहिली नाही. रचलं ते शेजारच्या वयनीने, माझ्या चुलतभावाच्या बायकोने, चतुर्थीला फुगडी घालता घालता:

‘झऱ्याचा पाणी खंय गेला गो बाये?
चिऱ्यांच्या ट्रकात बसान गेला गो बाये!’

मी ओटीवर मोदक खात होतो. हात थांबला. ट्रकात बसलेलं ते पाणी वाडीकडे वळून बघतंय, असं मला स्पष्ट दिसलं. वीस वर्षांत मला असलं काही जमलं नव्हतं. मनातल्या मनात दाद दिली आणि मोदक संपवला.

गाणं घरोघर गेलं, खाणवाल्यांपर्यंतही. दसऱ्याला देवळात गावातर्फे देवाला गाऱ्हाणं घालणाऱ्या मानकऱ्याने मध्येच घातलं, “गावाच्या कामात जी कोण आडवी येता, नको ती गाणी करता, तिका बुद्धी दी रे म्हाराजा!” गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला गावाने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं, सवयीने जीभच म्हणते. माझ्या जिभेला ती सबब नाही. मी आधी खाणवाल्यांकडे बघितलं, ते माझ्याकडे बघत होते, आणि मग म्हटलं. वयनी बायकांत उभी होती.

पुढच्या चतुर्थीला तिला कोणी फुगडीला बोलावलं नाही. अख्ख्या गावाने जिच्यासाठी बुद्धी मागितली, तिचा हात कोण धरणार? तिने गाणी रचणंच सोडलं.

शेवटी मी तिच्या पडवीत गेलो. ती काजू फोडत होती.

“इलात भावजी? नवीन कविता आसा काय?”

“नाय. दसऱ्याचा सांगूक इलंय. माझा…”

“थांबा. बोललात देवळात आणि माफी माझ्या पडवीत?”

“थंय सगळो गाव असतलो, वयनी. खाणवाले पण असतले.”

“मगे? पुस्तकात तर तुमी कोणाकच भियत नाय!”

तिने माझं पुस्तक वाचलं होतं. वाडीत बहुतेक तिनेच.

यंदाच्या दसऱ्याला मानकरी गाऱ्हाण्याला उभा राहिला, तेव्हा मी हात वर केला. रात्रभर बसून भाषण तयार केलं होतं, त्यात तीन उपमा होत्या, तिन्ही विसरलो. खाणवाले समोरच होते, वयनी बायकांत. सुचलं तेवढंच बोललो:

“गेल्या वर्षी मी हयसर वयनीच्या विरोधात बोललंय. खाणवाल्यांका बरा वाटाचा म्हणान बोललंय. तिचा गाणा खरा आसा. झरो आटलो, ह्या माका तेव्हाय ठावक होता. वयनी, माझा चुकला. माका माफ कर.”