किल्ली हातात, गाडी फलाटाला

बुधवार, सकाळचे सहा वाजून पन्नास मिनिटं. कागदाच्या रिळांचा ट्रक दोन नंबरच्या फलाटाला मागे येतो आहे आणि किल्लीकाका बाजूला, ड्रायव्हरच्या आरशात दिसतील अशा जागी उभे राहून हात हलवत आहेत. ट्रकच्या मागे ते कधीच उभे राहत नाहीत. "या, या, या... बास." गाडी फलाटाच्या रबराला टेकते. काका चाकांपुढे लाकडी ठोकळे सरकवतात, केबिनच्या दारापाशी जातात आणि तळहात वर करतात.

ड्रायव्हर नवखा असावा. "काय पाहिजे?"

"किल्ली."

"अहो, मी काय गाडी घेऊन पळून चाललोय का?"

"सगळे हेच विचारतात. द्या. आणि दुसरी आहे का?" ड्रायव्हर नाही म्हणतो.

किल्ली काकांच्या कमरेच्या कड्यात जाते. माल उतरून, शेवटचा माणूस फलाटावर येईपर्यंत ती तिथेच राहते. दुपारपर्यंत कड्यात पाच-सहा किल्ल्या जमतात आणि काका चालले की वाजतात. मग हमाल एकमेकांना इशारा देतात, "गप रे, सासूबाई आल्या."

गोदामाचा नियम एवढाच आहे: गाडीत माणूस चढणार असेल, तर किल्ली गाडीत राहणार नाही. काका हमाल होते तेव्हा हा नियम नव्हता. माल उतरला असं समजून एका ड्रायव्हरने गाडी पुढे घेतली. आत अजून एक हमाल होता. काका शेजारच्या गाडीत पोती उचलत होते आणि त्यांनी फक्त आवाज ऐकला. त्यानंतर नियम झाला आणि पुढे पाठ धरल्यावर काकांना हे काम मिळालं.

या कामात दोस्ती होत नाही. ड्रायव्हरांना काकांमुळे गाडी सोडून बाकड्यांच्या खोलीत बसावं लागतं, म्हणून ते वैतागलेले असतात. हमालांना काका घाई करू देत नाहीत, म्हणून तेही जरा लांबच असतात. जेवणाच्या सुट्टीत हमाल माडीवर घोळका करून बसतात. काका खालीच, फलाटाच्या पायरीवर डबा उघडतात, कारण गाड्या सोडून वर जाता येत नाही.

घरी एकच खोली. बायको मुलीच्या बाळंतपणासाठी तीन महिन्यांकरता म्हणून दुसऱ्या शहरात गेली, त्याला आता दोन वर्षं होत आली. भांडण वगैरे काही नाही. नातू तिच्याशिवाय झोपत नाही आणि मुलीची नोकरी आहे. संध्याकाळी फोन येतो. "जेवलात का?" "जेवलो." "काय जेवलात?" इथे काका थोडं खोटं बोलतात. मग नातवाचं रडणं सुरू होतं आणि फोन राहून जातो.

त्यामुळे गुरुवार काकांच्या लेखी मोठा वार होता.

साबणाची खोकी घेऊन दर गुरुवारी एक ड्रायव्हर यायचा. वयाने काकांहून चार-पाच वर्षांनी लहान, पोट सुटलेलं, आवाज मोठा. काका त्याला 'गुरुवार' म्हणायचे. एकदा रस्ता बंद होता म्हणून तो दुसऱ्या दिवशी उगवला, तेव्हा काका म्हणाले होते, "काय गुरुवार, आज शुक्रवारी कसा?" त्यावर तो इतका हसला की खोकल्याने हैराण झाला. बाकड्यांच्या खोलीत न जाता तो पायरीवर काकांशेजारी बसायचा. घरून दोन माणसांचा डबा आणायचा आणि म्हणायचा, "वहिनी येईपर्यंत माझ्या बायकोच्या हातचं खा. आल्यावर मी तुमच्याकडे वसुलीला येणार आहे."

गेल्या गुरुवारी सुट्टीची घंटा झाली आणि हमाल माडीवर गेले. एक जण मागे राहिला होता. काटकुळा म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणतात. तो तीन नंबरच्या फलाटाला लागलेल्या गुरुवारच्या गाडीत दोऱ्या गुंडाळत होता. घंटा झाली की काका प्रत्येक गाडीच्या दाराशी जाऊन "आत कोण?" असं ओरडतात आणि तिन्ही बाजू डोळ्यांनी बघतात. त्या दिवशी डबा उघडलेला होता आणि गरम होता. काका बसले.

गुरुवार हात धुवायला गेला. वाटेत शेजारच्या गाडीच्या ड्रायव्हरने त्याला अडवलं. बाजूचं दार उघडत नव्हतं, गाडी जरा पुढे घेता का, म्हणाला. किल्ली काकांच्या कमरेला होती. पण गुरुवारच्या खिशात दुसरी होती. उन्हाळ्यात केबिनचा पंखा लावता यावा म्हणून त्याने ती करून घेतली होती. काकांचा पहिला घास तोंडात होता. त्यांना कशाला उठवायचं, असा विचार करून त्याने स्वतःच ठोकळे काढले आणि गाडी हातभर पुढे घेतली.

फलाट आणि गाडी यांच्यातल्या फटीवर टाकलेला लोखंडी पत्रा खाली गेला. दोऱ्यांची ट्रॉली ढकलत बाहेर येणारा पैलवान त्यावर होता. त्याचा एक पाय फटीत गेला. ट्रॉली त्याच्या अंगावर न येता बाजूला कलंडली.

हाड मोडलं नाही. नडगी गुडघ्यापासून खाली सोलवटली. गुरुवार केबिनमधून उतरला तेव्हा पांढराफटक पडला होता. त्यानेच आपल्या गळ्यातलं फडकं जखमेवर बांधलं.

"जाऊ द्या काका," पैलवान म्हणाला. "मी पायरीवरून घसरलो म्हणून सांगतो. चांगला माणूस आहे तो."

दुसरी किल्ली गुरुवारने पायरीवर, डब्याशेजारी ठेवली. मुकादम वर ऑफिसात होता आणि त्याने काहीच पाहिलं नव्हतं. सांगितलं तर गुरुवारला या फाटकातून पुन्हा आत घेणार नाहीत, हे तिघांनाही ठाऊक होतं.

काकांनी डबा झाकला. पैलवानाला दवाखान्यात पाठवलं आणि जिना चढून मुकादमाकडे गेले. दोन्ही किल्ल्या टेबलावर ठेवून त्यांनी सगळं सांगितलं. स्वतःचंही सांगितलं: घंटेनंतर मी बघितलं नाही, जेवायला बसलो.

मुकादमाने दोन्ही किल्ल्या पुढ्यात ओढल्या. "काका, पाय तर शाबूत आहे ना पोराचा?"

"या वेळी आहे."

"तुमच्यावरही येईल हे."

"येऊ दे."

काकांना ताकीद मिळाली. गुरुवारला फाटकबंदी झाली आणि त्याच्या मालकाने त्याला दुसऱ्या रस्त्याला लावलं. नोकरी राहिली, एवढं काकांना पहारेकऱ्याकडून कळलं.

शनिवारी काकांनी त्याला फोन केला. तिसऱ्यांदा उचलला गेला.

"बोला काका."

"पैलवान बरा आहे. सोमवारपासून येतोय."

"बरं झालं."

"तुझा डबा राहिलाय माझ्याकडे."

"राहू द्या." मागे गाड्यांचा आवाज होता. "तुमचं चुकलं असं नाही म्हणत मी. पण बायकोला अजून सांगितलं नाही. तिने परवा विचारलं, काकांना आवडलं का म्हणून." मग तो म्हणाला, "ठेवतो, सिग्नल सुटला."

त्यानंतर फोन झालेला नाही. डबा घासून खिडकीत पालथा घातलेला आहे. शनिवारी संध्याकाळी काकांच्या बायकोने फोनवर विचारलं, "आवाज असा का येतोय?" काका म्हणाले, "धूळ आहे गोदामात." नातू झोपलेला होता, म्हणून या वेळी बोलणं जरा लांबलं, पण ही गोष्ट त्यात आली नाही.

सोमवारपासून केबिनच्या दारापाशी काका तळहात वर करतात तेव्हा किल्ली मागून आणखी एक प्रश्न विचारतात: "दुसरी आहे का?" ड्रायव्हर चिडतात. एकाने विचारलं, "झडती घेताय का?" काका म्हणाले, "हो." कालपासून घंटा झाली की ते एकेका गाडीत स्वतः चढून शेवटपर्यंत चालत जातात आणि मगच खाली उतरतात. तोवर हमालांची जेवणं निम्मी झालेली असतात.

उद्या गुरुवार आहे. साबणाची गाडी नेहमीप्रमाणे सव्वाअकराला तीन नंबरच्या फलाटाला लागेल. नवीन ड्रायव्हरचं नाव फाटकावर कळवलेलं आहे.