वळवलेली कड

शके १८०४, चैत्र वद्य अष्टमी. सकाळचे सहा वाजून वीस मिनिटे झाली होती. वेळ नेमकी ठाऊक आहे, कारण दवाखान्यात निघण्यापूर्वी घड्याळाला किल्ली देण्याचा माझा परिपाठ होता आणि किल्ली हातात असतानाच पत्नी आतून म्हणाली, "अहो, उजव्यातही वाळू गेल्यासारखं होतंय."

डावा डोळा चार दिवसांपूर्वी गेला होता. बुबुळावर पांढरे पसरले होते आणि डॉक्टरांनी त्या डोळ्याविषयी बोलणे थांबवले होते.

मी खिडकी उघडून तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. उजव्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली होती. पू नव्हता. "काही नाही" असे मी म्हणालो नाही. ती माझ्याकडे पाहत होती आणि खोटे तिला कळले असते.

"हात लावू नकोस," एवढे सांगून मी बाहेर पडलो.

मी तेव्हा ठाण्याच्या एका दवाखान्यात कंपौंडर होतो. औषधे कुटणे, मिश्रणे करणे, जखमा धुणे आणि डोळे धुणे ही माझी कामे. खाडीकाठच्या मिठागरांत उन्हाळाभर काम चाले. पांढऱ्या मिठावरून उठणारी तिरीप आणि खारे पाणी यांनी तिथल्या माणसांचे डोळे फाल्गुनापासून बिघडत, आणि एकाचे आले की साऱ्या आळीचे येत. डोळा धुण्यासाठी दवाखान्यात काचेचा एक लहान पेला होता. त्यात औषधी पाणी भरायचे, तो डोळ्याला घट्ट लावायचा, मान मागे टाकायची आणि पाण्यात डोळ्याची उघडझाप करायची. पण गावातली पुष्कळ माणसे तो लावू देत नसत. काच मातीसारखी, एकाने वापरली की दुसऱ्याला चालत नाही, अशी त्यांची समजूत होती. धातूचे तसे नाही. धातूला राख लावली, वर पाणी घातले, की भांडे कोणाचेही असो, शुद्ध झाले.

ही समजूत माझीही होती. म्हणून आदल्या वर्षी मी पितळेचा पेला योजला. डोळ्याच्या खोबणीचे माप मेणावर घेतले, लंबगोल आकार कागदावर काढला आणि कल्याणच्या एका तांबटाकडून सहा पेले करवून घेतले. पत्र्याची धार डोळ्याला लागू नये म्हणून माझ्या सांगण्यावरून त्याने तांब्याच्या तोंडाला वळवतात तशी प्रत्येक पेल्याची कड बाहेर वळवली. काम देखणे झाले. लोक निःशंकपणे डोळे धुवून घेऊ लागले. डॉक्टरांनीही संमती दिली, मात्र एक अट घातली. प्रत्येक वापरानंतर पेला उकळायचा.

मी उकळत नव्हतो. दवाखान्यात शेगडी एकच होती आणि तिच्यावर दिवसभर काढे असत. मी पेले राखेने घासत होतो, तीन वेळा, कोणाच्याही घरी घासत नसतील इतके स्वच्छ. राख पुरते की नाही हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

पत्नीच्या डोळ्यात तांदूळ पाखडताना तूस गेले होते. एवढेच. मी एक पेला घरी नेला, परसात बसून घासला आणि तिचा डोळा धुतला. तूस निघाले. तिसऱ्या दिवशी पापणी सुजली. बाराव्या दिवशी बुबुळ पांढरे झाले.

त्या सकाळी दवाखान्यात पोहोचल्यावर मी तोच पेला घेतला आणि पत्रा कापायच्या कात्रीने त्याची वळवलेली कड उघडली. का, ते मला सांगता येणार नाही. बाकी सगळे पाहून झाले होते. कडेच्या आतून पिवळट, वाळलेली खपली निघाली. तिच्यात राखेचे कणही होते. मी घासत होतो तेव्हा राख त्या घाणीवर लिंपली जात होती.

मी तो पेला डॉक्टरांच्या मेजावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून पाहिले.

"उकळत होतात ना?"

"नाही."

"मग?"

"राख."

त्यांनी पेला मेजावर परत ठेवला. पुढे म्हणाले, "घरी कसं आहे?"

"उजवा लाल झाला आहे."

"मग इथे काय करताय?" ते म्हणाले. "तासातासाला धुवायला हवा. पण या पेल्याने नाही. कुठल्याच पेल्याने नाही."

कापलेला पेला खिशात टाकून मी निघणार तोच मिठागरातला एक गडी दाराशी आला. खांद्यावरच्या फडक्याने तो डोळे पुसत होता. त्याला मी ओळखत होतो. दर चार दिवसांनी येई आणि दर वेळी माझी थट्टा करी.

"काय ओ, आज पितलेचा पेला नाय?"

"नाही."

"का? आमचे डोले लागून बाटला कं काय?"

"बाटला आहे. तुमच्यामुळे नाही," मी म्हणालो. "माझ्यामुळे. बसा."

त्याचा विश्वास बसला नाही. तो बसला, पण हसणे थांबवून. मी चिमूटभर मीठ घालून उकळलेले पाणी निववून घेतले आणि पळीने वरून त्याच्या डोळ्यात सोडू लागलो. पाणी एकदा जोराने पडले, एकदा थेंबच आला, एकदा कानात गेले. "मला आंघोल घालताय का डोला धुताय?" तो म्हणाला. त्याचे बरोबर होते. पाणी वरून सोडायचे, डोळ्याला काही लागू द्यायचे नाही, हे ठरले. पण हाताची धार एकसारखी राहत नव्हती. घरी हे तासातासाला करायचे होते, म्हणून एकसारखी धार देईल असे काही तांबटाकडून करवून घ्यायला मी कल्याणची गाडी धरायला निघालो.

स्टेशनची वाट तळ्याकाठच्या शिवालयावरून जाते. उन्हाळ्यात तिथे पिंडीवर गळती टांगतात. पितळेचा घडा, तळाला बारीक भोक, आणि त्यातून दिवसरात्र पडणारी पाण्याची संथ धार. मी त्या वाटेने वर्षानुवर्षे जात होतो. त्या दिवशी चप्पल न काढता दाराबाहेरूनच पाहिले. घडा पिंडीला लागत नव्हता. पाणी पिंडीवरून ओघळून शाळुंकेत जाई आणि शाळुंकेतून बाहेर. एकदा पडलेले पाणी परत कशालाच लागत नव्हते. मी नमस्कार केला की नाही, आठवत नाही. गाडीची वेळ झाली होती.

कल्याणला तांबट दुकानातच होता. साठी उलटलेला, हाताने पक्का, जिभेने मोकळा. मी कागदावर काढून दाखवले. वर टांगायचा लहान घडा. तळाच्या भोकात बसणारी आणि काढता येणारी निमुळती नळी, म्हणजे दोन्ही वेगवेगळी उकळता येतील. आणि गालाशी धरायची चंद्रकोरीसारखी उथळ तसराळी, पाणी झेलून कडेने बाहेर सोडणारी.

त्याने कागद उलटासुलटा करून पाहिला.

"ही तर गळती. अभिषेक कुणाला घालायचा म्हणता?"

"डोळ्याला."

"अहो, मग पिंडी कुठली? आमच्या वहिनी की काय?" असे म्हणून तो मोठ्याने हसला. शेजारच्या भट्टीवरचा माणूसही हसला.

मी म्हणालो, "होय."

तो आणखी हसणार होता. माझ्याकडे पाहून थांबला.

"कड वळवायची नाही," मी सांगितले. "कुठेही नाही. डाक लावून काही जोडायचं नाही. सांधा राहता कामा नये."

"कड न वळवता?" त्याने कागद खाली ठेवला. "मास्तर, माझ्या बापाच्या वेळेपासून या दुकानातून उघड्या कडेचं भांडं गेलेलं नाही. लोक म्हणतील, म्हातारा झाला, अर्धं काम टाकून दिलं. दुसरीकडे बघा."

मी खिशातून कापलेला पेला काढून त्याच्या पुढ्यात ठेवला. त्याने स्वतःचे काम ओळखले. कड अंगठ्याने उलटून आत पाहिले.

"हे काय आहे?"

"पू. दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यातला. तिचा डावा डोळा यानेच गेला."

त्याने पेला खाली ठेवला. शेजारचे ठोके चालूच होते. मग त्याने माझ्याकडे न पाहता विचारले, "कड वळवली म्हणून?"

"तुम्ही वळवलीत, कारण मी सांगितली. आणि मी उकळले नाही."

"मला कुणी आधी सांगितलं असतं तर," तो पुटपुटला. उठून आत गेला आणि विक्रीसाठी ठेवलेल्या गळत्यांतली सर्वांत लहान घेऊन आला. तिची वळवलेली कड त्याने कापून काढली. उघडी झालेली धार ठोकून ठोकून जाड केली, कानशीने घासली आणि बोट फिरवून पाहिले. मग मला म्हणाला, "तुम्हीपण फिरवा." मी फिरवले. कुठे अडले नाही. नळी त्याने एका तुकड्यातून ओढून केली. तसराळीला वेळ लागला. मी तिथेच बसून राहिलो. त्याने मध्ये पाणी दिले, ते मी प्यालो. कामाचे पैसे देऊ लागलो तेव्हा त्याने हात मागे घेतला. मी ते ऐरणीवर ठेवून निघालो.

घरी पोहोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. पत्नी अंधाऱ्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात पू दिसू लागला होता.

भांडी उकळायला परसात चूल मांडावी म्हणून मी लाकडे गोळा करू लागलो. दवाखान्याच्या वापराचे काही आमच्या स्वयंपाकघरात जात नसे. तो तिचाच नियम होता आणि लग्नापासून मी तो मोडला नव्हता.

"बाहेर कशाला?" तिने आवाजावरून ओळखले. "आतल्या चुलीवर ठेवा. निखारे आहेत अजून."

"तुला चालेल?"

"मला दिसत राहिलं तर चालेल," ती म्हणाली.

मी पातेल्यात घडा, नळी आणि तसराळी बुडवून अर्धा तास उकळली. छताच्या कडीला दोरी बांधली आणि मीठ घालून उकळून निववलेले पाणी घड्यात भरले. घडा तिच्या कपाळापासून वीतभर उंचीवर आणला. तिला आडवे केले, मान डावीकडे कलणार नाही अशी उशी लावली, तसराळी गालाशी धरली आणि नळी मोकळी केली. धार बारीक होती आणि एकसारखी होती. नाकाच्या बाजूने डोळ्यात उतरून बाहेरच्या कोपऱ्याने ओघळत होती. पू धाग्यासारखा सुटून तसराळीत आला.

"बरं वाटतंय," ती म्हणाली.

"पापणी उघडी ठेव."

"ठेवलीय. तुम्हीच दिसताय."

मी धार चालू असतानाच तिला सांगितले. दुसरी वेळ मला मिळाली नसती, किंवा मी ती घेतली नसती. "पेल्याच्या कडेत घाण राहिली होती. डॉक्टरांनी उकळायला सांगितलं होतं. मी नुसती राख लावली."

पाणी पडत राहिले.

"राख मीच काढून दिली होती," ती म्हणाली. "चाळून. बारीक हवी म्हणालात ना."

मी तसराळी तिच्या गालाशी सारखी केली.

पुढचे सांगून टाकतो. उजवा डोळा पूर्ण गेला नाही. बुबुळाच्या खालच्या अंगाला फूल पडले, पांढरा डाग कायमचा राहिला. दारातून कोणी आले तर माणूस आहे एवढे तिला कळे, तोंड ओळखू येत नसे. तांदूळ ती बोटांनी निवडी. सुई तिने परत हातात धरली नाही. एकोणीस वर्षे अशी गेली. एवढ्या काळात तिने त्या पेल्याचा विषय एकदाही काढला नाही, आणि स्वयंपाकघरातले भांडे मी घासले तर तिने ते दुसऱ्यांदा कधी घासले नाही. या दुसऱ्या गोष्टीचा मला जास्त त्रास होई.

दवाखान्यात त्या घाटाची चार भांडी आली. उरलेले पाचही पितळी पेले मी मोडीत घातले. पुढे बदलून आलेल्या एका डॉक्टरांनी युक्ती चांगली आहे म्हणत ती कोणाची, असे विचारले. मी म्हणालो, शिवालयातली आहे. ते हसले. मिठागरातला तो गडी आषाढापर्यंत येत राहिला. त्याचे दोन्ही डोळे चांगले झाले. त्याने मला एकदा विचारले, "वैनीचा काय झाला?" मी म्हणालो, "आहे." त्यानंतर त्याने थट्टा केली नाही आणि मला ती हवी होती.

त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत मी तीन वेळा डोळा धुतला. प्रत्येक वेळी तिन्ही वस्तू उकळल्या. डोळा पुसायला घेतलेले कापडाचे तुकडे चुलीत घातले. शेवटच्या वेळी लाली तेवढीच होती, वाढली नव्हती. तिला भात भरवला. ती दमली होती आणि लवकर झोपते म्हणाली.

"झोपेत हात जाईल," ती म्हणाली. "खाज फार आहे. माझ्या हातात नाही ते."

माझ्या जुन्या मऊ धोतराची पट्टी फाडली. तिचा उजवा हात घेतला. काचेच्या बांगड्यांवरून बांधली असती तर रात्रीतून फुटल्या असत्या. त्या काढायला ती तयार नव्हती आणि मीही तसे सुचवले नाही. एकेक करून कोपराकडे सरकवल्या. मग मनगटाला पट्टीचे दोन वेढे दिले, आत एक बोट जाते का ते पाहिले, आणि दुसरे टोक बाजेच्या पायाला बांधले.