एका गालाचा खर्च

चामखीळ काढायला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले होते. पुढे बँक, मग दळण, असं ठरवूनच निघाले होते. शेजारी एक आई आणि तिची लग्नाची मुलगी बसली होती. मुलीच्या दोन्ही गालांवर मुरमांचे खड्डे होते. काउंटरवरच्या बाईंनी लेझरचा खर्च सांगितला, तशी आईने पर्स उघडून पाहिली. मग हळूच म्हणाली, "ताई, एकाच गालाचं केलं तर निम्मे होतील का? दिवाळीनंतर मुलाकडचे बघायला यायचेत. उजवा गाल भिंतीकडे करून बसवीन मी हिला."

"आणि लग्नानंतर गं?" मुलगी हसत म्हणाली. "तिथंही भिंत शोधायची का?"



घर आपण असंच दाखवतो. पाहुणे बसतात त्या खोलीला रंग देतो, स्वयंपाकघरातली ओल पुढच्या वर्षावर ढकलतो. त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. पण भिंतीला काही कळत नसतं.

डाव्या गालाची तारीख ठरली. मुलगी उठून आईच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. तसाच राहणार असलेला गाल आता आईकडे होता. आईने त्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.