नाव नसलेली बटणं

एक्स-रे विभागात सगळे तिला एक्सप्रेस म्हणत. आपलं बोलणं संपायच्या आत हिचं टायपिंग संपतं, असं मोठे डॉक्टर एकदा चेष्टेनं म्हणाले आणि ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. बाराव्या वर्षी तिची नजर गेली होती. उजव्या कानात डॉक्टरांनी रेकॉर्ड केलेलं बोलणं, डाव्या कानात पडदा वाचून दाखवणारा संगणकाचा आवाज आणि पायाखाली रेकॉर्डिंग थांबवायचं पेडल, अशी ती सतरा वर्षं रिपोर्ट टाइप करत होती. डावीकडचा आवाज तिनं इतका भरधाव ठेवला होता की दुसऱ्या कुणी हेडफोन लावला तर त्याला नुसती गुणगुण ऐकू यायची.

एका सोमवारी ती येऊन बसली, हेडफोन लावला, तर डावा कान चिडीचूप. दोन दिवसांच्या सुट्टीत हॉस्पिटलच्या सगळ्या संगणकांवर नवी सिस्टीम चढवली होती. जुना आवाज त्या सिस्टीमवर चालत नव्हता आणि हे तिला सांगायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिनं कॉम्प्युटर विभागातल्या माणसाला बोलावलं.

"सोय आहे की, ताई," तो म्हणाला. "खाली उजव्या कोपऱ्यात चिन्ह आहे. दिसेल लगेच."

"कुणाला?" तिनं विचारलं.

तो ओशाळला आणि त्यानंच ते दाबून दिलं. नवा आवाज रडतखडत बोलू लागला खरा, पण रिपोर्टच्या खिडकीत आल्यावर तो एवढंच म्हणे, "बटण. बटण. बटण." अशी आठ बटणं ओळीनं. त्यांतल्या एकानं रिपोर्ट वॉर्डात जाणार, एकानं कायमचा पुसला जाणार. कुणाच्या तरी फुप्फुसाचा रिपोर्ट हातात असताना ती अंदाजपंचे बोट ठेवणाऱ्यांतली नव्हती.

तिसऱ्या दिवशी अधीक्षकांनी तिला बोलावून घेतलं. सिस्टीम स्थिरस्थावर होईपर्यंत तिनं चौकशीच्या फोनवर निवांत बसावं, असं ते फार मायेनं म्हणाले. तो फोन दिवसातून दोनदा वाजायचा, त्यातला एक राँग नंबर असायचा. घरी थोरली बहीण म्हणाली, बरं झालं, जरा आराम मिळेल. एक्सप्रेस भरल्या ताटावरून उठली. आपण दमलोय असं कुणाला सांगितलं होतं?

हॉस्पिटलच्या नोंदणी खिडकीवर एक काका होते, तेही अंध. महिन्याभरातच त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. या वयात आपल्याला हे जमायचं नाही, असं ते सगळ्यांना सांगत होते, जणू चूक त्यांचीच होती. ते ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढच्याच आठवड्यात हेडक्लार्क एक कागद घेऊन आला. रकाना दाखवायला त्यानं तिचं बोट धरलं, तसा तिनं हात सोडवून घेतला.

"आधी वाचा."

त्यानं पुटपुटत वाचलं. नवी सिस्टीम सर्व कर्मचाऱ्यांना व्यवस्थित वापरता येते, असं त्यात लिहिलं होतं. खाली दोनशे चौदा सह्या झाल्या होत्या, तिची तेवढी राहिली होती.

"मी खोटं लिहून देणार नाही," ती म्हणाली. "ही सिस्टीम बनवणाऱ्या कंपनीचा माणूस माझ्या शेजारी बसवा. मग बघू."

अधीक्षकांनी समजावून पाहिलं, मग आवाज चढवला, पण ती बधली नाही. अखेर तिच्या नकारानंतर बाराव्या दिवशी कंपनीचा एक तरुण इंजिनिअर आला. अंध माणसांसाठी सगळी चाचणी केली होती, असं तो अगदी मनापासून म्हणाला.

"कुणी केली?"

"आमच्याच टीमनं. डोळे मिटून."

"बटणं तुम्हीच बसवलीत. ती कुठं आहेत हे तुम्हाला पाठ. मग डोळे मिटून आंधळी कोशिंबीर खेळलात आणि त्याला चाचणी म्हणालात. मला एक फोन करायला काय झालं होतं?"

पोरगा सरळ होता. वही काढून तो दिवसभर तिच्याशेजारी बसला. कुठं आवाज अडतो, कुठं नुसताच बटण-बटण करतो, ते ती सांगत गेली आणि तो लिहीत गेला. एकूण त्रेचाळीस जागा निघाल्या.

पाच आठवड्यांनी बटणांना नावं मिळाली. 'पाठवा', 'पुसा', 'जतन करा'. ती आपल्या खुर्चीवर परतली. त्या कागदावर मात्र तिनं सही केली नाहीच. वेगळा कागद टाइप करून दिला: आजपासून मला ही सिस्टीम वापरता येते. आधी येत नव्हती, आणि दोष माझा नव्हता.

विभागानं तिचं कौतुक केलं, पण तिचा राग काही निवला नाही. तिनं काकांना फोन लावला. आता कशाला, जाऊ दे, ते म्हणाले. तिनं तासभर हुज्जत घालून त्यांच्याकडून होकार काढला, त्यांना परत कामावर घ्यावं असा अर्ज टाइप केला आणि त्यांची सही घेऊन स्वतः नेऊन दिला. विचाराधीन आहे, असं तिला सांगण्यात आलं. दर सोमवारी टायपिंगला बसण्याआधी ती अधीक्षकांच्या दारात उभी राहते आणि विचार कुठवर आला ते विचारते.