सोनेलाल आणि माझी खरी झोप

“बंधूंनो, जागे व्हा,” एवढं बोलून मी झोपलो.

सभा माझी होती, पत्रक माझं होतं आणि त्यावर लाल शाईत छापलेलं ‘जागे व्हा’ हे शीर्षकही माझंच होतं. टेबल धरून उभा होतो, तो तिथेच मान टाकून शांत झालो. नाचणगावच्या श्रोत्यांना वाटलं, हा झोपलेल्या समाजाचं चित्र करून दाखवतो आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी मला जाग आली आणि भाषण संपलं असं समजून मी खाली बसलो. (एवढं आटोपशीर भाषण गावात पुन्हा झालं नाही, असं जाणकार सांगतात.)

हा आळस नव्हे, हे मी ठणकावून सांगतो. हा आजार आहे. वर्ध्याच्या डॉक्टरांनी त्याचं नाव नार्कोलेप्सी सांगितलं. चालता-बोलता झोप येते. शिवाय जोरात हसू आलं की गुडघ्यातली ताकद जाते, जबडा लोंबतो आणि माणूस गाठोड्यासारखा खाली येतो. गंमत अशी की त्या वेळी शुद्ध शाबूत असते. सगळं ऐकू येतं, फक्त एक बोटही हलत नाही. डॉक्टर म्हणाले, “हा फार थोड्यांना होतो.” एवढ्यावर बाबांची छाती फुगली. ते पुलगावच्या गिरणीत कामाला. त्यांनी तिथे हे नाव मोठ्या ऐटीत सांगितलं आणि पाळी सुटेपर्यंत त्या नावाची ‘नारळाची लापशी’ झाली.

“लापशी खाल्ल्यावर झोप येतेच व माय,” शेजारची म्हातारी माझ्या मायला म्हणाली. “पन तुमी नारळ आनला कोठून?”

पूर्वी हा प्रश्न नव्हता. पूर्वी मी पडलो की अंगात देवी आली म्हणायचे. मग आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले. देवी गेली, आजार राहिला. विवेकाचा विजय झाला म्हणून मला आनंद झाला. माय मात्र म्हणाली, “देवी होती तवा लोक पाया तरी पडत. आता नुसते हासते.”

हसण्याची सोय सिनेमाने केली. पुलगावच्या टॉकीजमध्ये एक हिंदी विनोदी सिनेमा लागला. त्यात सोनेलाल नावाचा एक नोकर होता. हा सोनेलाल कुठेही झोपायचा. सायकलवर झोपायचा, न्हाव्याच्या पुढ्यात झोपायचा, श्रीखंडाच्या पातेल्यात तोंड घालून झोपायचा, आणि असा घोरायचा की भिंतीवरची तसबीर पडायची. मग मालक त्याच्यावर बादलीभर पाणी ओतायचा. पाणी पडलं की हा ताजातवाना. आठवडाभरात सगळं नाचणगाव मला सोनेलाल म्हणू लागलं, आणि दोघातिघांनी तर मी पारावर जरा टेकलो असताना पाण्याचा प्रयोगही करून पाहिला. (मी तेव्हा जागा होतो.)

“लोक सोनं म्हनते रे तुले,” माय म्हणाली. तिला हिंदी येत नव्हतं, आणि मी ते शिकवलंही नाही.

माझं रक्त उसळलं. मी रातोरात पत्रक लिहिलं, ‘हा हशा कोणाच्या छातीवर?’ त्यात लिहिलं की दुबळ्याच्या दुखण्यावर पोट भरणारा हा चित्रपटधंदा म्हणजे सरंजामशाहीचं नवं रूप आहे. लिहिलं की भिंतीवरची तसबीर पडेपर्यंत कोणी रुग्ण घोरत नसतो, आणि त्याच्यावर पाणी ओतणं हा माणुसकीचा अपमान आहे. पत्रक उत्तम झालं. माझ्या धाकट्या बहिणीने, वच्छीने, ते वाचलं आणि एकच प्रश्न विचारला.

“दादा, तू हा शिनेमा पाह्यला?”

“पाहायची गरज नाही. विचार पाहायचा असतो.”

“मंग त्यात तसबीर पडते हे तुले कोनं सांगतलं?”

तत्त्वाचा प्रश्न होता, म्हणून मी तिला घेऊन दुपारच्या खेळाला गेलो. निषेध म्हणून हसायचं नाही असं ठरवलं होतं. न्हाव्याच्या प्रसंगापर्यंत मी दात घट्ट आवळून बसलो. मग न्हाव्यानेच जांभई दिली, वस्तरा हातात घेऊन तोही सोनेलालच्या खांद्यावर झोपला, आणि माझा निषेध कोसळला. हसता हसता मी बाकावरून घसरून पुढच्या रांगेत गेलो. पुढच्या रांगेने मला उचलून सरळ बसवलं आणि एकजण ओरडला, “अबे, दुसरा सोनेलाल इथं हाय.” टॉकीजने पडद्याकडे पाठ फिरवली. मी शुद्धीवर होतो. मला सगळं ऐकू येत होतं. वच्छी म्हणत होती, “सरका बाप्पा, तिकीट काढून पाह्यना तिकडं.”

याच वच्छीला पाहायला आंजीचे लोक येणार असं ठरलं, आणि घरात भूकंप झाला.

स्थळ चांगलं होतं. मुलगा प्राथमिक शाळेत मास्तर. वच्छी सातवी झाली होती, तिला पुढे शिकून मास्तरीण व्हायचं होतं, आणि मास्तरांनी आधीच निरोप धाडला होता की लग्नानंतर तिचं शिक्षण चालू ठेवू. असं दुसरं स्थळ पंचक्रोशीत नव्हतं. याआधीच्या स्थळाने माझ्याबद्दल ऐकून “घरात मिरगी हाय का?” असं विचारलं होतं आणि चहा न पिता उठून गेलं होतं.

“तू दोन दिवस सेलूले मावशीकडं जाय,” बाबा म्हणाले.

“का? मी काय चोरीचा माल आहे? लपवाछपवी ही गुलामीची पहिली पायरी आहे.”

“पायरी-बियरी मले सांगू नको. येजो सोमवारी.”

वच्छी भांडी घासत होती. तिने राखेचे हात तसेच ठेवून वर पाहिलं. “दादा, मले हे घर पाह्यजे. तू राह्य. पन तोंड उघडू नको.”

मी वचन दिलं की आपण होऊन बोलणार नाही. मात्र कोणी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. बाबांनी कपाळाला हात लावला.

पाहुणे आले. मास्तर सडपातळ, मितभाषी. त्यांचे वडील शेषराव आडव्या बांध्याचे, खणखणीत आवाजाचे, आणि पांढरंशुभ्र धोतर नेसलेले. वच्छीला दोन-चार प्रश्न झाले, ती आत गेली आणि चहा आला. मी भिंतीशी कपबशी धरून गप्प बसलो होतो. सगळं इतकं छान चाललं होतं की शेषरावांना गंमत सांगायची लहर आली. त्यांच्या बैलाने म्हणे सरकारी साहेबाची टोपी खाल्ली, आणि साहेबाने पंचनाम्यात ‘टोपी बैलाच्या ताब्यात’ असं लिहिलं.

माझा जबडा सुटला. मान गेली. हात गेला. चहा गेला, आणि तो सगळा शेषरावांच्या धोतरावर गेला.

दाराआडून मायचा हुंदका ऐकू आला. मी डोळे अर्धवट मिटून, तोंड उघडं टाकून पडलो होतो, आणि ऐकत होतो.

“अरे, हा तं सोनेलाल,” शेषराव एकदम गडगडले. “बेट्यानं हुबेहूब काढला. मी पुलगावले दोनदा पाह्यला तो शिनेमा.”

बाबांना बुडत्याला ओंडका मिळावा तसं झालं. “हो हो,” ते म्हणाले, “मोठा नकल्या हाय आमचा पोट्टा. लहानपनापासून.”

“मान कशी टाकली पाहा. पन घोरून नाई राह्यला. घोर ना बापा, घोर.”

ज्या सिनेमाविरुद्ध मी पत्रक काढलं, त्याच सिनेमाने माझ्या आजाराला कला ठरवलं होतं, आणि माझा जन्मदाता त्यावर शिक्कामोर्तब करत होता. शिवाय मी कमी पडतोय असंही म्हणणं होतं! मी आतून पेटलो. पण पेटलेल्या माणसाला निदान ओठ तरी हलवता यावे लागतात.

अंगात जोर आला तसा मी उठून उभा राहिलो. शेषराव टाळी वाजवत म्हणाले, “कसं जमवतं रे तू हे?”

झालं. मला विचारण्यात आलं होतं.

“ही नक्कल नाही,” मी म्हणालो. “हा आजार आहे. आणि नक्कल जर कोणी करत असेल, तर तो चित्रपटधंदा.” इथे थांबायला हवं होतं. पण दुबळ्यांच्या हशाचा विषय निघाल्यावर सरंजामशाहीला वगळणं मला अप्रामाणिकपणाचं वाटलं. सरंजामशाहीवरून मी हुंड्यावर आलो. (या घरी कोणी हुंडा मागितला नव्हता.) हुंड्यावरून गिरणीमालकांवर गेलो. बाबा पायाने माझा पाय दाबत होते. शेषरावांचा चेहरा लांब होत चालला होता. “म्हणून मी आपणास विचारतो,” मी हात वर केला, “हा समाज आणखी किती काळ...”

आणि मी झोपलो.

पुढचं वच्छीने मला नंतर सांगितलं. ती बाहेर आली, माझ्या डोक्याखाली उशी सरकवली आणि पाहुण्यांसमोर बसली. म्हणाली, “बाबा भेवानं खोटं बोलले. दादा खरं बोलला, फक्त जास्त बोलला. याले आजार हाय. मिरगी नाई. झोप येते, हासला का पडते, मंग उठते. आमच्या घरात आनखी कोनाले नाई. उद्या माह्या लेकराले होईन का नाई, ते मले मालूम नाई. नाई म्हनाचं असन तं आताच म्हना.”

मास्तर म्हणाले, “मले काही अडचन नाई.”

शेषराव मात्र काळजीत होते. त्यांनी धोतराचा ओला भाग पिळला, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “झोपेचं समजलं. पन ते भाषन? तोही आजार हाय का?”

“नाई,” वच्छी म्हणाली. “ते तो जागेपनी करते.”

“म्हंजे औषध नाई.”

मग त्यांनी मन मोकळं केलं. आंजीत नव्या रीतीने पहिलं लग्न झालं तेव्हा नवरीच्या मामाने मांडवात समाजप्रबोधन केलं होतं. वंदना झटपट झाली, प्रबोधन उन्हं कलेपर्यंत चाललं. भात आंबला, वरणावर साय धरली, आणि दोन म्हाताऱ्यांना उचलून सावलीत न्यावं लागलं. “मानूस झोपते त्याचं भेव नाई,” शेषराव म्हणाले. “पोरगी आमाले पसंत हाय. पन लग्नात हा बोलनार नाई, एवढा शब्द द्या.”

बाबांनी शब्द दिला. मायनेही दिला. वच्छीने तर माझ्या उशीवर हात ठेवून दिला.

मला जाग आली तेव्हा सगळे पोहे खात होते.

“काय ठरलं?” मी विचारलं.

“जमलं,” बाबा म्हणाले.

“म्हणजे माझ्या बोलण्याचा परिणाम झाला.”

“झाला ना,” वच्छी म्हणाली. “लय झाला.”

लग्न आंजीला झालं. वच्छी पांढऱ्या लुगड्यात अशी ताठ बसली होती की मास्तर तीच वाटत होती. वंदना संपली आणि मांडव शांत झाला. नव्या रीतीप्रमाणे इथे कोणीतरी दोन शब्द बोलायचे असतात. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. शेषराव, आचारी, ते दोन म्हातारे, सगळे श्वास रोखून पाहत होते. इतक्या लोकांनी माझ्याकडे इतक्या आशेने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं, आणि ती आशा एवढीच होती की हा आता झोपावा.

मला टक्क जाग होती. उन्हात, पोटात काही नसताना, गर्दीत, जिथे मी हमखास पडतो तिथेच डोळ्यात झोपेचा टिपूस नव्हता. विषय मात्र तोंडाशी आला होता. मी उठायला म्हणून गुडघ्यावर हात टेकले, तेवढ्यात वच्छीने पदराआडून नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मी पुन्हा टेकलो, डोळे मिटले आणि मान टाकली. मांडवातून सुटकेचा एकच मोठा निःश्वास निघाला, पाठोपाठ पत्रावळी मांडल्याचा आवाज आला. मला सगळं ऐकू येत होतं. पहिली पंगत बसली, उठली. दुसरी उठली. भात गरम होता असं सगळे म्हणत होते. शेवटची पंगतही उठली, पण जेवायला म्हणून मला जागं करण्याचा धोका आंजीतल्या एकाही माणसाने पत्करला नाही.